रानपिंगळ्याचा खोटा पत्ता आणि नकाशांचे इतर घोळ

वाचकांचे प्रश्न

एखादी जात कुठे आढळेल, याचा संगणकावर नकाशा काढण्याच्या पद्धतींवर आलेल्या पत्रांपैकी आठ या महिन्यात घेतली आहेत. बहुतेकांना एकच विचारायचं आहे: कुठली पद्धत वापरू? आमचा उलट प्रश्नही बहुतेकांना एकच आहे: नोंदी जमवल्या कशा?

प्रश्न : कातळसड्यावर उगवणाऱ्या कंदीलपुष्पाच्या एका जातीवर माझा एम.एस्सी.चा प्रकल्प आहे. हर्बेरियम, आयनॅचरलिस्ट हे निसर्गनोंदींचं संकेतस्थळ आणि स्वतःची भटकंती मिळून ३१ नोंदी हाताशी आहेत. मार्गदर्शक मॅक्सेंट म्हणतात, सीनियर रँडम फॉरेस्ट सांगते, आणि एका कार्यशाळेत ऐकलं की सगळ्या पद्धती चालवून सरासरी काढावी. काय करू?
— विद्यार्थिनी, कोल्हापूर

तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त तुमच्या ३१ नोंदी बघून त्यांनी सल्ला दिलेला दिसत नाही.

पद्धतींची नावं वीसेक असली तरी त्यांना खायला काय लागतं, यावरून त्यांची वाटणी सहज होते. १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियात निघालेल्या बायोक्लिमला फक्त ‘सापडलं’ अशा नोंदी पुरतात. जात जिथे मिळाली तिथल्या पावसा-तापमानाची किमान आणि कमाल मर्यादा काढायची, दोन्ही टोकांचे थोडे टक्के छाटायचे आणि त्या चौकटीत बसणारी जागा रंगवायची. मॅक्सेंटला ‘सापडलं’ नोंदींबरोबर पार्श्वभूमीचे बिंदू लागतात. हे बिंदू म्हणजे ‘इथे नाही’ असा दावा नव्हे, तर त्या प्रदेशात एकूण कसकसली परिस्थिती उपलब्ध आहे याचा नमुना. तिसऱ्या गटाला, म्हणजे साध्या लॉजिस्टिक प्रतिगमनासारख्या पद्धतींना, खरीखुरी अनुपस्थिती लागते: अमुक ठिकाणी गेलो, नीट शोधलं, नाही मिळालं. रँडम फॉरेस्ट आणि बूस्टेड ट्री, म्हणजे पुष्कळ निर्णयवृक्षांचा (‘झाडां’चा) कौल एकत्र करणाऱ्या पद्धती, दोन्हीकडे चालवतात. पण पार्श्वभूमीच्या बिंदूंनाच अनुपस्थिती समजून ते कामाला लागले की घोळ होतो.

तुलना पुष्कळ झाल्या आहेत. त्यातली सगळ्यात गाजलेली २००६ची, जेन एलिथ आणि सहकाऱ्यांची. सहा प्रदेशांतल्या २२६ जातींवर १६ पद्धती चालवल्या आणि स्वतंत्रपणे गोळा केलेल्या आहे-नाही नोंदींवर तपासल्या. मॅक्सेंट आणि बूस्टेड ट्री वरच्या फळीत आले, बायोक्लिम मागे पडलं. पुढे हाच डेटा घेऊन पुन्हा तुलना झाली, तेव्हा रँडम फॉरेस्टही वर आलं, पण एका अटीवर. प्रत्येक झाड वाढवताना पार्श्वभूमीचे बिंदू ‘सापडलं’ नोंदींइतकेच उचलायचे. तुमच्या बाबतीत ही अट विसरलात तर १७ नोंदींसमोर १०,००० बिंदू उभे राहतील आणि प्रत्येक झाड डोळे मिटून ‘नाही’ म्हणून मोकळं होईल. त्या सहा प्रदेशांत भारत नव्हता, हेही ध्यानात असू द्या.

१७ कुठून आले? ३१ नोंदी गाळल्यावर साधारण तेवढ्याच उरतील असा आमचा अंदाज आहे. गाळणी अशी लावा.

आधी अक्षांश-रेखांश. कास पठार सुमारे १७.७२ उत्तर, ७३.८२ पूर्व इथे आहे. दोन रकाने उलटे भरले तर बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला थंडगार समुद्रात पडतो. ही चूक लगेच दिसते म्हणून ती बरी. दिसत नाही ती अंश-मिनिटांची. वहीत १७ अंश ४३ मिनिटं लिहिलंय आणि तक्त्यात कुणीतरी १७.४३ भरलं. खरा आकडा १७.७१७. बिंदू जवळपास ३२ किलोमीटर दक्षिणेला सरकून कोयनेच्या बाजूला जातो. तोही सह्याद्रीच, तोही डोंगरच, त्यामुळे कुणालाच शंका येत नाही.

मग आयनॅचरलिस्ट. संकटग्रस्त जातींचा नेमका ठिकाणा तिथे मुद्दाम लपवला जातो, आणि दिसणारा बिंदू ०.२ अंशांच्या चौकोनात कुठेही टाकलेला असतो. हा चौकोन म्हणजे एका बाजूला बावीसेक किलोमीटर. महाबळेश्वर ते वाई सरळ रेषेत अंतर साधारण तेवढंच, आणि पाऊस? महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास, वाईला हजाराच्याही आत. अशी एक नोंद एक किलोमीटरच्या पावसाच्या नकाशावर ठेवली की तुमच्या फुलाला चेरापुंजीही चालते आणि बारामतीही, असं मॉडेल शिकतं. लपवलेल्या नोंदी काढून टाका, किंवा निरीक्षकाला लिहून मूळ ठिकाण मागा. प्रकल्पासाठी बरेच जण देतात.

शेवटी नकाशाच्या एकाच बारीक चौकोनातल्या, म्हणजे पिक्सेलमधल्या, नोंदी. एका प्रसिद्ध सड्यावर सहा जण सहा वर्षं गेले म्हणून ती सहा ठिकाणं होत नाहीत. एका पिक्सेलला एक नोंद.

आता पद्धत. १७ नोंदींवर वर्ल्डक्लिम या हवामान-नकाशांच्या संचातली १९ चलं (पाऊस-तापमानाचे वेगवेगळे आकडे) एकदम लावू नका, त्यातली निम्मी एकमेकांची भावंडं असतात. दोन चलांचा सहसंबंध ०.७च्या वर गेला तर एकच ठेवा, आणि कुठलं ठेवायचं ते वनस्पतीकडे बघून ठरवा. पावसाळ्यातला एकूण पाऊस, कोरड्या महिन्यांची संख्या, एप्रिल-मेचं कमाल तापमान, उतार आणि जांभा आहे की नाही, ही पाच पुरेत. एवढ्या कमी नोंदींना शोभेल असा मार्ग म्हणजे छोट्या मॉडेलांची बेरीज: एका वेळी फक्त दोन चलं घ्यायची, पाच चलांच्या दहा जोड्यांची दहा मॉडेलं करायची आणि ज्याचं भाकीत चांगलं त्याला जास्त वजन देऊन सरासरी काढायची. तुम्ही कार्यशाळेत ऐकलं त्यातलं एवढंच घ्या. सहा वेगवेगळ्या पद्धतींची सरासरी काढली तर सहाही त्याच १७ बिंदूंवर पोसलेल्या असतील.

आतलं मॉडेल मॅक्सेंटचं चालेल. १५ ते ७९ नोंदी असल्या की ते आपोआप सरळ रेषा, वर्ग आणि ‘हिंज’ (एका बिंदूपाशी वाकणारी रेषा) हे आकार वापरतं. तुम्ही पहिले दोनच ठेवा. नियमनाचा गुणक (मॉडेल किती साधं ठेवायचं ते यावर ठरतं) मूळचा १ असतो, तो १ ते ४ पर्यंत अर्ध्या-अर्ध्याने वाढवून बघा. गुणक कमी असला की प्रतिसादाचे आलेख करवतीसारखे दातेरी येतात. ११०० मिलिमीटर पावसाला फूल आहे, १२००ला नाही, १३००ला पुन्हा आहे, असं कुठलीच वनस्पती वागत नाही. तपासणीसाठी दरवेळी एक नोंद बाहेर ठेवून १७ वेळा मॉडेल चालवा आणि बाहेर ठेवलेली नोंद किती वेळा पकडली जाते ते मोजा. मादागास्करच्या पालींवर २००७मध्ये हीच रीत वापरली होती.

प्रश्न : ब्रिटिश काळातल्या संग्रहालयांतल्या नोंदी मॉडेलमध्ये घ्याव्यात का? तेव्हा जीपीएस नव्हतं. रानपिंगळ्यासाठी जुन्या नोंदीच जास्त आहेत असं वाचलं.
— पक्षिमित्र, धुळे

घ्याव्यात, पण चिठ्ठीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. रानपिंगळ्याचंच उदाहरण याला सगळ्यात चांगलं, आणि ते तुमच्या जिल्ह्याला लागूनच घडलं.

ह्यूम या ब्रिटिश पक्षी-अभ्यासकाने १८७३मध्ये या घुबडाचं वर्णन केलं. १८८०च्या दशकात डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात काही नमुने मिळवले. पुढे शंभरेक वर्षं पक्षी दिसला नाही. मधल्या काळात एकच ‘नवीन’ नमुना होता: कर्नल माइनर्ट्झहागेनने १९१४मध्ये गुजरातेतल्या मांडवीला मिळवल्याचा. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना आतून तपासला, तेव्हा कळलं की तो संग्रहालयातून चोरलेला डेव्हिडसनचाच पक्षी होता. त्यात नव्याने पेंढा भरून खोटी चिठ्ठी लावली होती. म्हणजे सगळ्यात अलीकडची आणि म्हणून सगळ्यात मोलाची वाटणारी नोंदच बनावट. तो खोटा पत्ता बाजूला सारून खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांकडे शोध वळला आणि नोव्हेंबर १९९७मध्ये रानपिंगळा शहाद्याजवळ पुन्हा दिसला.

मोठ्या संख्येच्या जातीत अशी एक नोंद बुडून जाते. सात-आठ नमुन्यांच्या जातीत एक खोटा बिंदू म्हणजे डेटाचा आठवा हिस्सा.

आता कामाचं. ‘खानदेश’ एवढंच लिहिलेल्या नमुन्याला जिल्ह्याच्या मध्याचा बिंदू देऊन टाकणं ही नेहमीची चूक आहे. जीबीआयएफ या जगभरच्या नोंदींच्या खुल्या साठ्यावरून उतरवलेल्या फायलीत प्रत्येक नोंदीपुढे ठिकाणाच्या अनिश्चिततेचा, मीटरमधला, रकाना असतो, तो बघा. तो रिकामा असेल तर शंका घ्या. नियम सोपा: नोंदीची अनिश्चितता नकाशाच्या चौकोनापेक्षा मोठी असली तर एक तर नोंद सोडा, नाही तर चौकोन मोठा करा. आर या संगणक-भाषेतलं कोऑर्डिनेटक्लीनर हे पॅकेज देश-राज्यांच्या मध्यावर पडलेले, समुद्रात गेलेले आणि थेट संग्रहालयाच्या इमारतीवर बसलेले बिंदू हुडकून देतं. खोटी चिठ्ठी मात्र ते ओळखत नाही.

रानपिंगळ्याबद्दल आणखी एक. २०१४मध्ये हा पक्षी तानसा अभयारण्यात मिळाला, सातपुड्यापासून बराच दूर आणि दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो अशा पट्ट्यात. फक्त सातपुड्याच्या नोंदींवर मॉडेल चालवलं तर पावसाची वरची मर्यादा ते सातपुड्याइतकीच धरणार आणि तानसाला कमी गुण देणार. दोष मॉडेलचा नाही, त्याला तेवढंच दाखवलं होतं. म्हणून नकाशाचा फिका भागही थोडा फिरून बघावा. याची उलट बाजूही आहे: मादागास्करच्या सरड्यांचे नकाशे काढले तेव्हा काही भाग गडद आला, पण तिथून त्या जातींची नोंदच नव्हती. ‘चुकलेल्या’ या भागांत जाऊन शोधल्यावर शॅमेलिऑनच्या सात नव्या जाती हाती लागल्या.

प्रश्न : नकाशात एका ठिकाणी ०.७ आलं. म्हणजे तिथे ती जात असण्याची शक्यता ७० टक्के का?
— वाचक, सोलापूर

नाही. फक्त ‘सापडलं’ नोंदींवरून मॉडेल बांधलं असेल तर ती जात एकूण किती जागा व्यापते, हे त्याला कळायला वाटच नसते. मॅक्सेंट ते गृहीत धरतं आणि त्यावर आकडा ० ते १ मध्ये बसवतं. ०.७ची जागा ०.३च्या जागेपेक्षा जास्त अनुकूल, एवढंच वाचा. टक्के हवे असतील तर पुढच्या प्रश्नाकडे या.

प्रश्न : आमच्या संस्थेने सह्याद्रीत ४० ठिकाणी प्रत्येकी ३० रात्री कॅमेरे लावले. पिसोरी (हरणासारखं अगदी छोटं जनावर) ११ ठिकाणी मिळाली. अहवालात ‘२७.५ टक्के भागात पिसोरी’ असं लिहायचं का? आणि उरलेल्या २९ ठिकाणी ती नाही असं धरून मॉडेल चालवलं तर?
— वन्यजीव कार्यकर्ता, सिंधुदुर्ग

२७.५ टक्के ही तळाची मर्यादा आहे, अंदाज नव्हे. पिसोरी असूनही कॅमेऱ्यात न येण्याची शक्यता त्यात धरलेली नाही. तुमच्याकडे मात्र मॅक्सेंटवाल्यांकडे नसलेली एक मौल्यवान गोष्ट आहे: एकाच जागी पुन्हा पुन्हा पाहिल्याची नोंद. तिच्यावर ऑक्युपन्सी, म्हणजे व्याप्तीचं, मॉडेल चालतं. मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी ते २००२मध्ये मांडलं.

३० रात्रींचे पाच-पाच रात्रींचे सहा तुकडे करा. प्रत्येक ठिकाणाची सहा आकड्यांची ओळ तयार होईल, उदाहरणार्थ ०१००१०. या ओळीचा अर्थ असा की पिसोरी तिथे होती आणि तरी सहापैकी चार वेळा निसटली. अशा ओळींवरून मॉडेल दिसण्याची शक्यता काढतं. समजा ती पाच रात्रींना ०.२ आली. मग सहाही तुकड्यांत निसटण्याची शक्यता ०.८चा सहावा घात, म्हणजे ०.२६. असलेली पिसोरी तुम्हाला ७४ टक्केच वेळा दिसली असती. ११ला ०.७४ने भागलं की जवळपास १५ ठिकाणं येतात, म्हणजे ३७ टक्के. प्रत्यक्षात मॉडेल यापेक्षा बारकाईने हिशेब करतं आणि सोबत चुकीची मर्यादाही देतं, पण गाभा हाच.

२९ शून्यांना खरी अनुपस्थिती धरलं, तर दिसणं आणि असणं यांची सरमिसळ होते. तुमचे कॅमेरे बहुधा वाघ-बिबट्यांच्या बेताने गुडघ्याएवढ्या उंचीवर, गाडीवाटेला लावले असतील. पिसोरी सशापेक्षा थोडी मोठी, आणि मोकळ्या वाटेवर यायला नाखूष. त्या उंचीवरून तिची पाठ जेमतेम कोपऱ्यात येते. तिच्यासाठी कॅमेरा वीत-दीड वीत उंचीवर, झुडपातल्या जनावरवाटेला लावावा लागतो. काही कॅमेरे असे, काही तसे असतील तर साधं मॉडेल शेवटी सांगेल की ‘पिसोरीला झुडपातल्या वाटा आवडतात’, आणि खरं कारण कॅमेऱ्याची जागा असेल. ऑक्युपन्सी मॉडेलमध्ये कॅमेऱ्याची उंची आणि वाटेचा प्रकार ‘दिसण्या’च्या बाजूला घालता येतात, जंगलाचा प्रकार आणि पाण्यापासूनचं अंतर ‘असण्या’च्या बाजूला.

घसरायच्या जागा तीन.

एक, दिसण्याची शक्यता ०.१च्या आसपास उतरली की मॉडेल गांगरतं. ‘सगळीकडे आहे पण दिसत नाही’ आणि ‘फार थोडीकडे आहे’ यांतला फरक त्याला करता येत नाही आणि व्याप्ती १च्या जवळ जाऊन चिकटते. असा १ आला की आनंदू नका. तुकडे दहा-दहा रात्रींचे करा, पुढच्या वेळी कॅमेरे जास्त दिवस ठेवा.

दोन, पाहणीच्या काळात त्या ठिकाणाची स्थिती बदलू नये असं हे मॉडेल गृहीत धरतं. महिनाभराच्या कॅमेऱ्याला हे चालून जातं. पण पिसोरी त्या एका बिंदूवर येते-जाते, त्यामुळे अहवालात ‘वास्तव्य’ऐवजी ‘वापर’ लिहिणं प्रामाणिक. आणि डिसेंबरच्या नोंदी जुलैच्या नोंदींना जोडू नका.

तीन, चुकीची ओळख. हे मॉडेल निसटलेलं जनावर समजून घेतं, नसलेलं पाहिल्याचं नाही. धूसर फोटोतल्या दोन-तीन सशांना पिसोरी म्हटलंत तरी व्याप्ती फुगते. शंका असेल तिथे शून्य टाका.

कॅमेरे नसतील तरी ही पद्धत चालते. कर्नाटकात मलेनाडमधल्या वाघांसाठी १८८ चौरस किलोमीटरचे चौकोन आखून, पायी चालत, किलोमीटरा-किलोमीटराला पाऊलखुणा आणि विष्ठा नोंदवल्या गेल्या. चौकोन एवढा मोठा यासाठी की तो एका वाघाच्या फिरण्याच्या क्षेत्रापेक्षा मोठा असावा. वाघ वाटेनेच चालतो, त्यामुळे एका किलोमीटरवर पाऊल मिळालं की पुढच्यावर मिळण्याची शक्यता वाढते. हे तुकडे एकमेकांपासून स्वतंत्र नसल्याने मॉडेलमध्ये त्याची वेगळी तजवीज करावी लागली. गणितासाठी आरमधलं अनमार्क्ड किंवा प्रेझेन्स हा प्रोग्राम वापरा. दोन्ही फुकट आहेत.

प्रश्न : माझ्या मॉडेलचा एयूसी ०.९७ आला तरी परीक्षक खूश नाहीत. का?
— संशोधक विद्यार्थी, पुणे

पार्श्वभूमीचे बिंदू कुठून घेतले ते तुम्ही लिहिलं नाही, पण बहुधा सगळ्या भारतातून. एयूसी म्हणजे एक ‘सापडलं’ बिंदू आणि एक पार्श्वभूमीचा बिंदू उचलला, तर मॉडेल पहिल्याला जास्त गुण देण्याची शक्यता. सह्याद्रीतला बेडूक आणि समोर लडाख, जैसलमेर, चंबळ! हे शाळकरी पोरही ओळखेल. त्या बेडकाला जिथवर पोचणं शक्य होतं तेवढाच भाग घ्या, नोंदींभोवती पन्नास ते शंभर किलोमीटर. एयूसी घसरेल. घसरू द्या.

दुसरं, २५ टक्के नोंदी यदृच्छेने बाजूला काढून तपासणी केली असेल तर त्या शिकवलेल्या नोंदींच्या शेजारणीच असतात. आंबोलीच्या नोंदीवर शिकायचं आणि दोन किलोमीटरवरच्या आंबोलीच्याच नोंदीवर परीक्षा द्यायची, असा तो प्रकार. प्रदेशाचे मोठे चौकोन पाडा, एकेक अख्खा चौकोन बाहेर ठेवा. आरमधलं ब्लॉकसीव्ही हेच करतं.

प्रश्न : ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरच्या नोंदींवरून केलेला माझा नकाशा पुण्याभोवती आणि रस्त्यांवर लाल दिसतो. पक्ष्यांना पुणं एवढं आवडतं?
— पक्षीनिरीक्षक, पिंपरी

पक्ष्यांना नाही, पक्षीनिरीक्षकांना. रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्याला आणि थंडीत भिगवणला किती गाड्या लागतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मॉडेलला ते ठाऊक नाही.

दोन उपाय आहेत. तुमच्याकडे नुसत्या ‘दिसला’ नोंदी असतील तर पार्श्वभूमीही त्याच गर्दीतून घ्या: त्या भागात नोंदवलेल्या इतर सगळ्या पक्ष्यांची ठिकाणं हेच पार्श्वभूमीचे बिंदू. मग दोन्ही बाजूंना पुणं सारखंच जड होतं आणि उरतो तो पक्ष्याच्या आवडीचा फरक. ईबर्डवर मात्र याहून चांगली सोय आहे. ‘दिसलेले सगळे पक्षी नोंदवले’ असं निरीक्षकाने सांगितलेल्या पूर्ण याद्या वेगळ्या काढा. त्या यादीत तुमचा पक्षी नसेल तर तो त्या फेरीत दिसला नाही, असा खरा शून्य मिळतो. पाच तासांपेक्षा लांब, पाच किलोमीटरपेक्षा जास्त चालीच्या आणि दहापेक्षा जास्त माणसांच्या याद्या वगळण्याचा प्रघात आहे. उरलेल्या याद्यांचा वेळ, अंतर आणि दिवसाचा प्रहर ही चलं म्हणून मॉडेलमध्ये घाला. संतुलित, म्हणजे पहिल्या उत्तरातल्या अटीचं, रँडम फॉरेस्ट इथे मनापासून वापरा, याद्या हजारोंनी असतात.

प्रश्न : गाजर गवत अजून कुठे पसरेल याचा नकाशा काढायचा आहे. मॅक्सेंट चालेल?
— कृषी पदवीधर, अहिल्यानगर

चालेल, पण आम्ही आधी क्लायमेक्स या प्रोग्रामकडे जाऊ. मॅक्सेंटसारख्या पद्धती असं धरतात की जात तिला मानवणाऱ्या बहुतेक जागी पोचलेली आहे. १९५०च्या दशकात पुण्यात नोंद झालेलं हे मूळचं अमेरिकेतलं तण अजून पसरतंच आहे. जिथे ते नाही तिथे हवामान मानवत नाही की बी अजून पोचलं नाही, हे नोंदींवरून सांगता येत नाही. त्यातून मॅक्सेंट वापरायचंच असेल तर मूळ प्रदेशातल्या आणि इथल्या, दोन्हीकडच्या नोंदी घ्या.

क्लायमेक्स उलट बाजूने येतं. रुजायला आणि वाढायला किती तापमान लागतं, माती किती ओली हवी, थंडी, उष्णता, कोरड आणि चिखल कितीपर्यंत सोसतं, हे आकडे प्रयोगांतून किंवा मूळ प्रदेशातल्या आढळावरून भरायचे. वाढीचा निर्देशांक आणि ताणाचे निर्देशांक मिळून प्रत्येक जागेला ० ते १००चा एक आकडा मिळतो. तोटा असा की आकडे भरणाऱ्याचा अंदाज चुकला तर सगळंच चुकतं. म्हणून एकेक आकडा दहा टक्के मागेपुढे करून नकाशा किती हलतो ते पाहा.

तुमच्या भागासाठी खास सूचना: नुसत्या पावसावर चालवलंत तर अवर्षणाचा पट्टा कोरडा म्हणून बाद होईल, आणि प्रत्यक्षात कालव्याकडेचे उसाचे बांध गाजर गवताने भरलेले असतील. क्लायमेक्समध्ये सिंचनाचा वेगळा पर्याय आहे. बागायत क्षेत्र त्याने चालवा, जिरायत साध्या पावसाने, आणि जमीनवापराच्या नकाशावरून दोन्ही जोडा.

प्रश्न : २०५०मध्ये सड्यावरच्या वनस्पती घाटमाथ्याकडे सरकतील असा एक नकाशा पाहिला. विद्यार्थ्यांना दाखवावा का?
— शिक्षक, गोवा

दाखवा, पण आधी तीन गोष्टी तपासा. नकाशा फक्त हवामानाच्या चलांवर असेल तर ‘सरकतील’ हा शब्द सैल आहे. जांभ्याचा सडा कुठे सरकत नाही. वर घाटमाथ्यावर हवामान जुळलं तरी उघडा कातळ आणि त्यावरची चार बोटं माती असायला हवी. दुसरं, २०५०चं उन्हाळी तापमान आज कुठेच नाही असं असेल तर तिथे मॉडेल अंदाजाने बोलतं. मेस नावाचा नकाशा अशा जागा दाखवतो, तो सोबत जोडलाय का बघा. तिसरं, भविष्याचं हवामान एकाच जागतिक मॉडेलवरून घेतलं असेल तर पावसाच्या बाबतीत फार भरवसा नको. चार-पाच मॉडेलं तरी हवीत आणि त्यांच्यातला फरक दाखवलेला हवा.

आणि चलांची यादी वाचा. वर्ल्डक्लिममधलं नववं चल म्हणजे सगळ्यात कोरड्या तिमाहीचं तापमान. कोकण-गोव्यात डिसेंबर ते एप्रिल पाऊस जवळजवळ शून्यच. कुठली तिमाही ‘सगळ्यात कोरडी’ हे एक-दोन मिलिमीटरवर ठरतं, त्यामुळे शेजारच्या दोन चौकोनांत एकीकडे डिसेंबर-जानेवारीची थंडी आणि दुसरीकडे फेब्रुवारी-मार्चचं ऊन धरलं जातं. नकाशावर सुरीने कापल्यासारखी रेघ उमटते. आठवं, नववं, अठरावं आणि एकोणिसावं ही चारही चलं याच दुखण्यामुळे बरेच जण वगळतात. चौदावं म्हणजे सगळ्यात कोरड्या महिन्याचा पाऊस, आपल्याकडे तो शून्याला चिकटलेला.

नकाशा दाखवून झाला की मुलांना जवळच्या सड्यावर न्या. बोटाएवढ्या जाडीची टोकदार लोखंडी सळई घ्या, तिच्यावर दर सेंटिमीटरला खूण करा. ऑगस्टमध्ये, माती ओली असताना, दोरीने आखलेल्या एकेक मीटरच्या चौकोनात पाच ठिकाणी सळई कातळाला टेकेपर्यंत दाबा आणि खोली लिहा. त्या चौकोनात कुठल्या वनस्पती आहेत ते लिहा, आणि नाहीत त्याही लिहा. पाणी साचलेलं असेल तर त्याची खोली वेगळ्या रकान्यात. पंधरा दिवसांनी तेच चौकोन पुन्हा. चौकोनाच्या कोपऱ्यावर रंगाचा ठिपका करून ठेवा, नाहीतर दुसऱ्या फेरीत सगळे सडे सारखेच दिसतात.